इंग्रजी 'डिक्लाइन', 'डिटीरिओरेट', 'डिके' : फ्रेंचमध्ये कुठे कोणता शब्द?

कानामात्रा

इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाणाऱ्या एका मिश्र मजकुरात 'बिघडणे, खालावणे' या अर्थाचे शब्द सारखे येतायत. कोश उघडला की सगळ्यांपुढे तेच तीन: देग्रादासिओं, देतेरिओरासिओं, देक्लँ. आलटून पालटून टाकले तर वाक्य व्याकरणात बसतं, पण फ्रेंच वाटत नाही. अडलेल्या जागा मराठीतून सांगतो, इंग्रजी शब्द पुढे दिलाय.

१. तिसऱ्या तिमाहीत विक्री ४ टक्क्यांनी घटली (डिक्लाइन)
२. रुग्णाची प्रकृती रात्रीतून खालावली (डिटीरिओरेट)
३. संपकरी आणि व्यवस्थापन यांच्यातली परिस्थिती बिघडत गेली (पुन्हा डिटीरिओरेट)
४. मोडकळीला आलेली इमारत (डिलॅपिडेटेड)
५. भाडेकरारात, 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता' (वेअर अँड टेअर)
६. दातांची कीड आणि किरणोत्सारी पदार्थाचा क्षय (दोन्हीकडे डिके)

यामागे काही सूत्र आहे का, की प्रत्येक जोडी पाठच करायची? फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिलेत तरी चालेल, वर्णलेखन कोशात बघून घेईन.

उपसर्ग

सूत्र आहे. इंग्रजी शब्द बाजूला ठेवा आणि वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा. इंग्रजीत डिटीरिओरेट कशालाही चालतं. मराठी ते चालवून घेत नाही: तब्येत ढासळते, आजार बळावतो, जखम चिघळते, माणूस खंगतो, दूध नासतं. फ्रेंचही याच बाबतीत चोखंदळ आहे, आणि बऱ्याचदा मराठीच्या रेषेवरूनच चालते.

पहिली चाळणी अशी. चांगली गोष्ट आपला चांगलेपणा घालवतेय, की मुळातच वाईट असलेली गोष्ट वाढतेय? पहिल्या प्रकाराला 'स देग्रादे' किंवा 'स देतेरिओरे': आरोग्य, संबंध, हवा, रस्ता, कामाची परिस्थिती. दुसऱ्याला 'साग्राव्हे': संकट, आजार, तूट, टंचाई. 'ला क्रीझ स देग्राद' हे मराठीत 'संकट ढासळलं' म्हणण्यासारखं, आणि 'ला साँते साग्राव्ह' म्हणजे 'तब्येत बळावली'. दोन्ही ऐकून फ्रेंच माणूस तसाच थबकतो.

दुसरी चाळणी, बिघाड कसा होतोय. तुमचं तिसरं वाक्य घ्या. दोन्ही बाजू एकमेकांना डिवचतायत आणि वाद चिघळतोय, तर 'साँव्हनिमे'. या शब्दात विष आहे आणि तो जखमेलाही लागतो, वादालाही, अगदी आपल्या चिघळण्यासारखा. पण व्यवस्थापन मुद्दाम गप्प बसून संपकऱ्यांचा दम संपायची वाट बघत असेल तर 'लेसे पुरीर ला सित्युआसिओं', म्हणजे सडू देणं. संपाच्या बातम्यांत 'स्त्रातेजी द्यु पुरिसमाँ' हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. इंग्रजी मूळ वाक्य हा फरक सांगत नाही, तेव्हा मागचापुढचा परिच्छेद वाचून तुम्हालाच ठरवावं लागेल. ठरत नसेल तर 'स देग्रादे' ठेवा, ते चुकणार नाही.

'देक्लँ' म्हणजे कलणं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच एका बाजूला झुकणं असा. दिवस कलतो तिथे 'ल जूर देक्लीन', उतारवयाला 'ल देक्लँ द लाज'. सूर्यासारखं वर जाऊन हळूहळू खाली येणारं काहीतरी हवं: साम्राज्य, उद्योग, एखादी भाषा, स्मरणशक्ती. उतरती कळा म्हणता येत असेल तिथे देक्लँ बसतो. एका तिमाहीच्या विक्रीला उतरती कळा म्हणत नाहीत, म्हणून पहिल्या वाक्यात तो नको.

याच क्रियापदाच्या इतर पोटअर्थांकडे लक्ष ठेवा. 'देक्लिने सों निदाँतिते' म्हणजे स्वतःची ओळख सांगणं. 'देक्लिने युन अँव्हितासिओं' म्हणजे आमंत्रण नम्रपणे नाकारणं. व्याकरणात विभक्ती चालवणं. जाहिरातीत तर एखादी वस्तू पाच रंगांत 'देक्लिने' होते, तिथे घसरणीचा मागमूसही नाही.

व्याकरणातली नेहमीची ठेच: इंग्रजीत हे क्रियापद कर्माशिवाय येतं, फ्रेंचमध्ये 'देतेरिओरे' आणि 'देग्रादे' यांना कर्म लागतं. आपोआप बिघडत असेल तर पुढचा 'स' गाळायचा नाही. भूतकाळात त्यांना सहायक म्हणून 'एत्र' लागतो आणि कर्त्याचं लिंग-वचन कृदंताला लागतं. परिस्थिती स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी एक जास्तीचा मुका स्वर लिहावा लागतो. तो ऐकू येत नाही, त्यामुळे तपासताना हमखास निसटतो. याउलट 'आँपिरे' (आणखी वाईट होणं), 'बेसे' (उतरणं), 'देक्लिने', 'देपेरीर' (खंगणं) यांना 'आव्हवार', तिथे कर्त्याशी जुळवायची भानगड नाही. आणि 'आँपिरे'ला 'स' लावू नका. बोलण्यात ऐकू येतं, छापील मजकुरात संपादक खोडतो.

तळटीप

आकड्यांच्या वाक्यांपुरतं लिहितो.

विक्री ४ टक्क्यांनी घटली याला 'ले व्हाँत ओं रक्युले द ४ %'. नाम हवं असेल तर 'आँ रक्युल' किंवा 'युन बेस'. आर्थिक बातमीपत्रांत शब्द घसरणीच्या आकारावर ठरतो: पोपडे सुटावेत तशी थोडीथोडी घट 'सेफ्रिते', जोर ओसरून वाकली तर 'फ्लेशीर', मागे सरली तर 'रक्युले' किंवा 'स रप्लिए', धाडकन पडली तर 'श्युते', कोसळली तर 'सेफोंद्रे'. ०.३ टक्क्याला 'एफोंद्रमाँ' लिहिलं तर वाचणारा आकडा पुन्हा तपासेल.

'द' आणि 'आ' यांची अदलाबदल महागात पडते. 'बेसे द ४ %' म्हणजे चार टक्क्यांनी खाली. 'बेसे आ ४ %' म्हणजे उतरून चार टक्क्यांवर आली. बेरोजगारीचा दर १० वरून ८ टक्क्यांवर आला तर ती घट २ 'प्वँ'ची (टक्केबिंदूंची), २ टक्क्यांची नव्हे. टक्केवारीने मोजली तर ती २० टक्के होते.

आणखी एक. 'महागाईचा डिक्लाइन' असं आलं तर आधी अर्थ तपासा. महागाईचा वेग मंदावला आणि किमती अजून वाढतच असतील तर 'देझँफ्लासिओं'. किमतीच उतरल्या तर 'देफ्लासिओं'. एका अक्षराचा फरक आहे आणि अर्थ जवळजवळ उलटे.

टक्क्याच्या चिन्हाआधी न तुटणारी मोकळी जागा, दशांशाला स्वल्पविराम. ही टंकलेखनाची बाब असली तरी इंग्रजीवरून आलेला मजकूर सगळ्यात आधी इथेच ओळखू येतो.

पागोळी

४ आणि ५ एकत्र घेते, कारण इथे शब्द चुकला तर पैसे कोणी भरायचे तेच बदलतं.

आधी इमारत. डिलॅपिडेटेडवरून 'दिलापिदे' सुचतो, तो सापळा आहे. 'दिलापिदे' म्हणजे उधळणं. वडिलोपार्जित संपत्ती फुंकून टाकली त्याला. मोडकळीला आलेली इमारत 'देलाब्रे'. नुसती जुनी, कालबाह्य सोयींची असेल तर 'व्हेत्युस्त'. पडायला आली असेल तर 'मनास रुइन'. आणि 'रुइनो' विशेषण चुकूनही नको, त्याचा अर्थ खिसा रिकामा करणारं, खर्चिक.

पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस असेल तर जुना शब्द 'आरेते द पेरिल'. १ जानेवारी २०२१ पासून तो 'आरेते द मीझ आँ सेक्युरिते' झालाय, १६ सप्टेंबर २०२० च्या अध्यादेशाने. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत जुना शब्द अजून चालतो, कागदपत्रात तारीख बघून वापरा.

अभियंत्याचा तपासणी अहवाल असेल तर वेगळाच शब्द: 'देझोर्द्र', बहुधा अनेकवचनी. शब्दशः अव्यवस्था, पण बांधकामात भेगा, गळती, खचलेला पाया हे सगळं 'देझोर्द्र'. दहा वर्षांच्या बांधकाम-हमीच्या वादांत, म्हणजे नागरी संहितेच्या कलम १७९२ खाली, हाच शब्द फिरतो. तिथे 'देग्रादासिओं' लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही, पण अहवाल परक्याने लिहिलाय हे कळतं.

आता भाडेकरार. फ्रान्समध्ये ६ जुलै १९८९ च्या कायद्याचं कलम ७ भाडेकरूवर 'देग्रादासिओं'ची जबाबदारी टाकतं, म्हणजे त्याच्या ताब्यात असताना झालेल्या नुकसानीची. 'व्हेत्युस्ते'मुळे लागणारी दुरुस्ती मात्र त्याच्यावर नाही. ३० मार्च २०१६ च्या सरकारी आदेशात ('देक्रे') व्हेत्युस्तेची व्याख्या आहे: घराचं साहित्य आणि उपकरणं यांची काळाने किंवा नेहमीच्या वापराने झालेली झीज किंवा बिघाड. आता तुम्ही 'वेअर अँड टेअर'ला सगळीकडच्यासारखं 'देग्रादासिओं' टाकलंत, तर ज्यातून भाडेकरू सुटायला हवा त्याच शब्दात तो अडकला. इथे 'व्हेत्युस्ते' हवं, किंवा 'युझ्युर नोर्माल'.

व्हेत्युस्ते मोजतातही. दोन्ही पक्षांनी तक्ता मान्य केला असेल तर त्यात प्रत्येक गोष्टीचं गृहीत आयुष्य आणि दरवर्षीची वजावट दिलेली असते. नुसतं उदाहरण म्हणून: रंगाचं आयुष्य १० वर्षं, वजावट वर्षाला १० टक्के. सहा वर्षांनी भाडेकरूने भिंत खराब केली आणि दुरुस्ती ५०० युरोंची निघाली, तर त्याच्याकडे उरतात ४० टक्के, २०० युरो. विम्याच्या कागदांत 'व्हेत्युस्ते देद्युइत' येतं ते हेच, घसारा वजा करून. कंपनीच्या हिशेबातला घसारा मात्र 'आमोर्तिसमाँ', तिथे व्हेत्युस्ते नको.

जाता जाता, 'युझ्युर' एकटा सोडू नका. त्याचा दुसरा अर्थ सावकारी व्याज. बाँक द फ्राँस जो 'तो द लुझ्युर' जाहीर करते तो झिजेचा दर नव्हे, कर्जावरच्या व्याजाची कमाल मर्यादा.

फौजदारी मजकुरात परत वेगळं. दंडसंहितेच्या कलम ३२२-१ मध्ये 'देस्त्रुक्सिओं, देग्रादासिओं, देतेरिओरासिओं' असे तिन्ही ओळीने येतात: दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस, २ वर्षं कैद आणि ३०,००० युरो दंड, किरकोळ नुकसानीचा अपवाद सोडून. तिथे पर्यायी शब्द शोधायचे नाहीत, त्रिकूट जसंच्या तसं.

चिमटा

उपसर्ग यांची चाळणी पटते, पण एक पाचर मारतो. 'एता', म्हणजे स्थिती, हा शब्द दोन्हीकडे जातो. 'सों नेता सेत आग्राव्हे' अगदी रुळलेलं फ्रेंच आहे, कारण रुग्णाची स्थिती म्हणताना आजार त्यात धरलेलाच असतो. 'साँते' मात्र खरंच साग्राव्हे होत नाही. परिस्थितीचंही तसंच: आधीच वाईट असेल तर 'ला सित्युआसिओं साग्राव्ह' बिनदिक्कत लिहितात. तेव्हा चाळणी नामाला लावा, आणि नाम तटस्थ असेल तर संदर्भाला.

दुसऱ्या वाक्यात 'रात्रीतून' आहे, म्हणून 'सों नेता से ब्र्युस्कमाँ देग्रादे'. हृदयविकाराचा जुना रुग्ण असेल आणि हृदयाला भार पेलेनासा झाला असं डॉक्टरांना म्हणायचं असेल तर त्यांचा शब्द 'देकोंपाँसासिओं'. पण तो निदानाचा शब्द आहे, मूळ मजकुरात नसेल तर आपल्या मनाने घालू नका.

वैद्यकीय कागदांत 'आल्तेरासिओं द लेता जेनेराल' वारंवार दिसेल, संक्षेपात तीन अक्षरं. त्यामागे तीन 'आ' असतात: आस्तेनी म्हणजे गळून जाणं, आनोरेक्सी म्हणजे अन्नावरची वासना जाणं, आमेग्रिसमाँ म्हणजे वजन उतरणं. थोडक्यात खंगणं. हे आठवड्यांत, महिन्यांत होतं, त्यामुळे तुमच्या वाक्याला ते चालणार नाही.

'आल्तेरे' हा इंग्रजी ऑल्टरचा भाऊ असला तरी वळणाने बिघडलेला आहे. नुसता बदल सांगायचा तर 'मोदिफिए'. 'आल्तेरे' बहुतेक वेळा वाईटाकडे नेतं: रंग, चव, आवाज, अन्न. दगडी वास्तूंच्या जतनात इंग्रजी डिटीरिओरेशनला फ्रेंच प्रतिशब्द हाच. इकोमोस या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००८ च्या सचित्र शब्दसंग्रहाच्या इंग्रजी नावात डिटीरिओरेशन आहे आणि फ्रेंच नावात आल्तेरासिओं. भूविज्ञानात तर खडकाच्या अपक्षयालाच आल्तेरासिओं म्हणतात. कोकणातला जांभा हा बेसाल्टच्या आल्तेरासिओंतून तयार झालेला, आणि तिथे 'बिघडला' म्हणायला कोणी धजणार नाही, घरं बांधतात त्याची. (याच 'आल्तेरे'चा आणखी एक अर्थ तहान लावणं. त्याचं उलट 'देझाल्तेरे', तहान भागवणं. शीतपेयाच्या जाहिरातीत दिसलं तर गोंधळू नका.)

आता डिके. दाताला 'कारी', मुळात कुजणं. आपण दात किडला म्हणतो, म्हणजे अळी आपली आणि कूज त्यांची. लाकडाला आणि फळाला 'पुरित्युर'. पण 'पुरित्युर नोब्ल' दिसलं तर तो दोष नव्हे. सोतेर्न या फ्रान्समधल्या वाइनच्या भागातल्या द्राक्षांवर चढणारी ती बुरशी बागाइतदाराला हवीच असते, कारण द्राक्षातलं पाणी उडून साखर दाट होते.

किरणोत्सारात दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एक अणुकेंद्रक फुटतं ती घटना 'देझँतेग्रासिओं'. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला अशी एक घटना. आणि काळानुसार सगळ्या साठ्याची सक्रियता उतरत जाते ती 'देक्रवासाँस'. आयोडीन-१३१ सुमारे ८ दिवसांत अर्ध्यावर येतं, त्या काळाला 'देमी-व्ही' किंवा 'पेरिओद'. तुमच्या वाक्यात आलेख किंवा कालावधी असेल तर देक्रवासाँस घ्या. अर्थकारणाच्या लेखात हाच शब्द आला तर मात्र तो विकासवाढीलाच विरोध करणाऱ्या विचाराचं नाव असतो.

कानामात्रा

फारच उपयोगी. दोन जागा उरल्यात. एक, रोमन साम्राज्याचा डिक्लाइन: देक्लँ की देकादाँस? दोन, संगणक प्रणालीच्या माहितीपत्रकात 'डिग्रेडेड मोड'. आणि पागोळी, सांगायचं राहिलं: भाडेकरार माँत्रेआलमधल्या घराचा आहे. त्याने काही बदलतं का?

उपसर्ग

रोमचं आधी. अठराव्या शतकात देकादाँस हाच चालू शब्द होता. माँतेस्क्यूने १७३४ मध्ये रोमनांच्या थोरवीची आणि 'देकादाँस'ची कारणं लिहिली. गिबनचा रोमन साम्राज्यावरचा इंग्रजी ग्रंथ १७७६ ते १७८८ मध्ये आला आणि त्याच्या शीर्षकात डिक्लाइन आहे, तरी गिझोच्या १८१२ च्या फ्रेंच आवृत्तीवर देकादाँसच छापलं. आज मात्र देकादाँसला विलासी, नीतिभ्रष्ट असा वास चिकटलाय. लेखकाला रोमनांची नीती घसरली असं म्हणायचं असेल तर देकादाँस. करवसुली, सैन्य, सीमा यांबद्दल बोलत असेल तर देक्लँ. 'देशेआँस' तिसराच. तो पत जाण्याचा आणि कायद्याने हक्क काढून घेण्याचा, जसं नागरिकत्व काढून घेणं 'देशेआँस द नासिओनालिते'. इंग्रजी डिके आणि फ्रेंच देशेआँस एकाच जुन्या क्रियापदाची पोरं, पण आता एकमेकांना ओळख देत नाहीत. फ्रेंच 'देशे', म्हणजे कचरा, हेही त्याच घरातलं.

दुसरं सोपं: 'मोद देग्रादे'. काही भाग बंद पडले तरी कमी क्षमतेवर चालू राहणं. देग्रादेच्या पोटात 'ग्राद' आहे, पायरी किंवा हुद्दा. ५ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या एकोल मिलितेरच्या आवारात द्रेफ्यू या लष्करी अधिकाऱ्याची हुद्द्याची चिन्हं फाडून तलवार मोडली, त्या विधीला 'देग्रादासिओं' म्हणतात. देशाची पतश्रेणी एक पायरी उतरवतात तेही तेच, जशी १३ जानेवारी २०१२ ला फ्रान्सची उतरवली. केस पायऱ्यापायऱ्यांनी कापले तर न्हाव्याकडेही देग्रादे. त्यामुळे हा शब्द टाकण्याआधी खाली उतरायला पायरी आहे का ते बघा. संगणकाच्या बाबतीत आहे.

पागोळी

हो, बदलतं. माझं वरचं १९८९ चा कायदा, तक्ता, वजावट हे सगळं फ्रान्सचं. माँत्रेआल कॅनडाच्या केबेक प्रांतात येतं, तिथे ते लागू नाही. केबेकच्या नागरी संहितेचं कलम १८९० म्हणतं की भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करायची, पण 'व्हेत्युस्ते', 'युझ्युर नोर्माल' किंवा अनिवार्य आपत्ती यांमुळे झालेल्या बदलांना तो बांधील नाही. म्हणजे तुमच्या कलमात 'युझ्युर नोर्माल' ठेवा. इंग्रजी मजकुरात जुनेपणाचा वेगळा उल्लेख असेल तर त्याला 'व्हेत्युस्ते'.